परीकथांचा चित्रकार रिचर्ड डॉयल आणि त्याचं घराणं

शेरलॉक होम्सला दाढी होती. निदान १८८८ साली तरी होती. 'अ स्टडी इन स्कार्लेट' ही होम्सची पहिली कादंबरी त्या वर्षी स्वतंत्र पुस्तक म्हणून निघाली. त्यात सहा चित्रं होती आणि त्यांतला होम्स चक्क दाढीवाला होता. चित्रकाराचं नाव चार्ल्स डॉयल, म्हणजे लेखक आर्थर कॉनन डॉयलचे वडील. ही चित्रं निघाली तेव्हा चार्ल्स स्कॉटलंडमधल्या माँट्रोजच्या मनोरुग्णालयात होता. होम्सचा चेहरा त्याच्या स्वतःच्याच चेहऱ्याशी मिळताजुळता आहे, असं बऱ्याच जाणकारांचं म्हणणं आहे.

आपल्याकडे होम्सचे वाचक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण होम्सला जन्म देणाऱ्या लेखकाचे आजोबा, वडील आणि तीन काका असे सगळेच चित्रकार होते, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्यांच्यात सर्वांत नावाजलेला होता रिचर्ड. घरात आणि मित्रमंडळींत त्याला डिकी म्हणत. १८२४ साली जन्मला, १८८३ साली गेला. राणी व्हिक्टोरिया गादीवर आली तेव्हा तो बारा-तेरा वर्षांचा होता, आणि त्याची सगळी कारकीर्द तिच्याच राजवटीत झाली. त्याचं आयुष्य समजून घ्यायचं तर त्याच्या वडिलांपासून सुरुवात करावी लागते, कारण या मुलांचा हात घडला तो घरातच.

वडील जॉन डॉयल १७९७ साली डब्लिनमध्ये जन्मले. घर आयरिश कॅथलिक, धंदा रेशमी कापडाचा. १८२०च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन लंडनला आले ते रंगचित्रं विकून पोट भरण्यासाठी. घोडे उत्तम काढत, माणसंही काढत, पण त्यावर संसार चालेना. १८२९ साली त्यांनी राजकीय व्यंगचित्रांना हात घातला आणि १८५१ पर्यंत नऊशेहून जास्त चित्रं काढली. चित्राखाली सही असे 'एचबी'. जे आणि डी ही स्वतःची आद्याक्षरं त्यांनी एकावर एक अशी दोनदा रचली होती, त्यामुळे ती एच आणि बी अशी वाचली जात. हा एचबी कोण, याचा पत्ता लंडनला कित्येक वर्षं लागला नाही. स्वतः जॉननीच १८४३ साली पंतप्रधान रॉबर्ट पील यांना पत्र लिहून आपली ओळख दिली.

ही चित्रं शिळाछापावर निघत. गुळगुळीत चुनखडी दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, मग दगड ओला करायचा. तेलकट रेघ पाणी धरत नाही. वरून छपाईची शाई फिरवली की ती फक्त रेघेलाच चिकटते, ओल्या दगडाला नाही. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकातल्या अनेक मराठी पोथ्या याच पद्धतीने छापल्या गेल्या. या छपाईत चित्रकाराची रेघ जशीच्या तशी कागदावर उतरते, आणि जॉनना तेच हवं होतं. आधीच्या पिढीतले व्यंगचित्रकार पुढाऱ्यांना अक्राळविक्राळ करून टाकत. एचबीच्या चित्रात पुढारी हुबेहूब पुढाऱ्यासारखा दिसे, गंमत असे ती प्रसंगात. 'द टाइम्स' या वर्तमानपत्रात त्याच्या नव्या चित्रांची वर्णनं छापून येत. आज ती चित्रं पाहताना हसू येत नाही, हेही सांगून टाकावं. त्या वेळचं राजकारण माहीत नसेल तर ती सभ्य कपड्यांतल्या सभ्य माणसांची चित्रं वाटतात.

जॉनना सात मुलं, पाच मुलगे आणि दोन मुली. बायको मारियाना १८३९ च्या सुमारास वारली. मुलांचं शिक्षण घरीच, मास्तर ठेवून. आणि चित्रकलेचा तास म्हणजे अख्खा आठवडा. मुलांनी लंडनभर हिंडायचं, मिरवणुका, जलसे, चित्रप्रदर्शनं पाहायची. तिथे बसून चित्र काढायचं नाही. घरी आल्यावर आठवणीतून काढायचं आणि दर आठवड्याला वडिलांना सचित्र पत्र लिहायचं. एकाच घरात राहणाऱ्या बापाला पत्र! रिचर्डने १८४२-४३ मध्ये लिहिलेली अशी ५३ पत्रं आज शाबूत आहेत. माणसांच्या गर्दीची चित्रं काढणं त्याला पुढे इतकं सहज जमे, त्याचं मूळ माझ्या मते या पत्रांत आहे. प्रत्येक डोक्याला वेगळा चेहरा, प्रत्येक चेहऱ्याला काहीतरी चाललेलं काम.

त्याआधी, १८४० साली, पंधरा वर्षांचा असताना त्याने वर्षभर रोजनिशी ठेवली. तीही चित्रांनी भरलेली. रविवारी वडिलांना नवं चित्र दाखवायचं असे, त्याची धास्ती त्या पानांत जागोजागी दिसते. स्कॉटलंडमध्ये १८३९ साली काही हौशी उमरावांनी चिलखतं चढवून जुन्या काळच्या भालेबाजीचा खेळ मांडला होता आणि मुसळधार पावसाने त्याचा पार चिखल केला होता. त्या एग्लिंटन स्पर्धेवरची रिचर्डची विनोदी चित्रमालिका १८४० मध्ये छापूनही आली.

एकोणिसाव्या वर्षी, १८४३ मध्ये, त्याला 'पंच' या विनोदी साप्ताहिकात काम मिळालं. हे साप्ताहिक १८४१ साली सुरू झालं होतं आणि त्याचा दबदबा एवढा वाढला की हिंदुस्थानातही त्याची नक्कल झाली. मुंबईत 'पारशी पंच' निघालं, त्याचंच पुढे 'हिंदी पंच' झालं, आणि ठाण्याहून 'हिंदु पंच' नावाचं मराठी साप्ताहिक निघे. लंडनच्या पंचमध्ये रिचर्डने सुरुवात केली ती नक्षीदार आद्याक्षरं आणि पानाच्या कडा सजवण्यापासून. सहीत आर आणि डी, आणि वर बसलेला एक चिमुकला पक्षी.

इथे थोडं थांबून त्या काळी नियतकालिकातलं चित्र कसं तयार होई ते समजून घेऊ, कारण हे कळल्याशिवाय व्हिक्टोरियन चित्रकाराचं जगणं कळत नाही. शिळाछापाची चित्रं सुटी विकायला ठीक. पण अक्षरांचे धातूचे खिळे जुळवून छापलेल्या मजकुराच्या शेजारी, त्याच पानावर, त्याच दाबाखाली चित्र छापायचं तर ते खिळ्यांसारखंच उठावाचं हवं. त्यासाठी बॉक्सवुड नावाच्या अतिशय कठीण लाकडाचा आडवा छेद घेत. त्याचा पृष्ठभाग पांढरा करून चित्रकार त्यावरच उलटं चित्र काढी. मग कोरक्या येई आणि जिथे रेघ नाही तो सगळा भाग कोरून काढी. उरलेल्या उंच रेघांना शाई लागे. रबरी शिक्क्याचं तत्त्व तेच, फक्त इथे एकेक रेघ केसाइतकी बारीक. बॉक्सवुडचं झाड लहान असतं, म्हणून मोठ्या चित्रासाठी अनेक तुकडे बोल्टने जोडून एक ठोकळा करत. घाई असेल तर तुकडे सुटे करून वेगवेगळ्या कारागिरांत वाटत, रात्रभरात कोरून घेत आणि सकाळी पुन्हा जोडत.

म्हणजे चित्रकाराचं मूळ चित्र कोरताना नाहीसंच होई. आपण आज पुस्तकात पाहतो ती रेघ चित्रकार आणि कोरक्या या दोघांची. म्हणून कित्येक चित्रांच्या एका कोपऱ्यात चित्रकाराची आणि दुसऱ्या कोपऱ्यात कोरक्याची सही असते. लाकडावर काढायचं कसं, हे रिचर्डला पंचचा मुख्य कोरक्या जोसेफ स्वेन यानेच शिकवलं. मऊ छटा, पुसट सावल्या इथे चालत नाहीत, रेघ स्पष्ट लागते. रिचर्डचा हात मुळातच रेघेचा, त्यामुळे त्याचं बरं जमलं.

पंचसाठी त्याने केलेलं सगळ्यात टिकाऊ काम म्हणजे मुखपृष्ठ. १८४९ साली त्याने काढलेलं चित्र, मधोमध मिस्टर पंच आणि त्याचा कुत्रा टोबी, भोवती बुटक्या आकृत्यांची झुंबड, हे १९५६ पर्यंत दर आठवड्याला छापलं जात होतं. शंभराहून जास्त वर्षं! चित्रकार मात्र त्या मुखपृष्ठानंतर दोन वर्षंही पंचमध्ये राहिला नाही.

कारण होतं धर्म. इंग्लंड सोळाव्या शतकात रोमपासून फुटलं. त्यानंतर तिथल्या कॅथलिकांवर शेकडो वर्षं बंधनं होती. त्यांना पार्लमेंटमध्ये बसायची मोकळीक मिळाली ती १८२९ साली. १८५० च्या सप्टेंबरात पोप नववा पायस याने इंग्लंडमध्ये पुन्हा कॅथलिक बिशप नेमले, प्रत्येकाला आपापल्या प्रांताचं नाव देऊन. इंग्रजांना हे परक्या सत्तेचं अतिक्रमण वाटलं. वर्तमानपत्रं खवळली, पोपच्या प्रतिमा जाळल्या गेल्या, आणि पंचने पोपवर आणि इंग्लंडमधल्या नव्या कार्डिनलवर, म्हणजे बिशपांहून वरच्या धर्माधिकाऱ्यावर, आठवड्यामागून आठवडे झोड उठवली. रिचर्ड श्रद्धाळू कॅथलिक. ही चित्रं तू काढू नकोस, दुसरे काढतील, अशी सवलत त्याला होती. पण ज्या पानावर आपल्या धर्माची टवाळी चालते त्याच्या शेजारच्या पानावर आपण गमतीजमती काढायच्या, हे त्याला पटेना. वर्ष संपता संपता त्याने राजीनामा दिला. वय २६.

त्याच्या रिकाम्या जागी पंचने जॉन टेनिएलला घेतलं. 'अ‍ॅलिस इन वंडरलँड'ची चित्रं काढणारा तो हाच. टेनिएल तिथे पन्नास वर्षं राहिला आणि शेवटी त्याला सर ही पदवी मिळाली. रिचर्डला असलं काही मिळालं नाही. ठरलेलं उत्पन्न गेलं ते गेलंच, आणि त्यात त्याचा एक मोठा दुर्गुण उघडा पडला. तो वेळ पाळत नसे. दर आठवड्याचा अंक डोक्यावर असताना ते खपून जाई, मोकळेपणी काम करताना नाही. त्या काळचे मोठे कोरके डॅल्झिएल बंधू त्याच्या सबबींनी हैराण असत. चित्रं का नाही झाली, तर म्हणे जवळ पेन्सिलीच नव्हत्या, असा एक किस्सा सांगतात. तरी कामं मिळत राहिली. डिकन्सच्या नाताळच्या पुस्तकांतली काही चित्रं त्याने आधीच काढली होती. रस्किनच्या 'द किंग ऑफ द गोल्डन रिव्हर'ची चित्रं १८५१ ची, थॅकरेच्या 'द न्यूकम्स'ची १८५३ ते ५५ ची. ब्राउन, जोन्स आणि रॉबिन्सन या तीन इंग्रजांची युरोपची सहल त्याने १८५४ साली चित्रांतून सांगितली. परदेशात गेलेल्या आपल्या लोकांची फजिती हा विषय कुठल्याही देशात खपतो.

आणि मग 'इन फेअरीलँड'. पुस्तकावर साल १८७०, बाजारात आलं १८६९ च्या नाताळात. मोठ्या आकाराची पानं, छत्तीस चित्रं, छपाई एडमंड इव्हान्सची. हा इव्हान्स लाकडी ठोकळ्यांनीच रंगीत छपाई करी, प्रत्येक रंगाला वेगळा ठोकळा, आणि एकाच कागदावर ते सगळे अचूक एकावर एक बसवायचे. चित्रांत यक्षराजाची मिरवणूक निघते, बुटके गोगलगाईंवर स्वार होतात, पक्ष्यांशी दांडगाई करतात, परी प्रियकराला झुलवते. विल्यम अ‍ॅलिंगहॅमची कविता सोबत आहे, पण कविता एका वाटेने जाते आणि चित्रं दुसऱ्या. पुढे १८८४ साली अँड्र्यू लँग या लेखकाने ही चित्रं घेऊन, क्रम बदलून, त्यांच्यावर नवीनच गोष्ट लिहिली आणि तीही बसली. माझ्या मते रिचर्डचं हेच सर्वांत चांगलं काम आहे, आणि त्याचं कारणही हेच, की इथे तो कुणाच्याही मजकुराचा बांधील नाही. १८८३ च्या डिसेंबरात अथेनिअम क्लबमधून बाहेर पडताना तो कोसळला आणि ११ तारखेला गेला. लग्न केलं नव्हतं.

थोरला भाऊ जेम्स इतिहासात रमला. स्वतःच्या चित्रांसह इंग्लंडचा इतिहास लिहिला, मग उमराव घराण्यांच्या वंशावळींचा जाडजूड ग्रंथ केला. दुसरा भाऊ हेन्री १८६९ पासून मरेपर्यंत, म्हणजे १८९२ पर्यंत, डब्लिनच्या नॅशनल गॅलरीचा संचालक होता. तुटपुंज्या पैशांत त्याने जी चित्रं मिळवली त्यांत रेम्ब्राँचं एक निसर्गचित्रही आहे.

राहिला धाकटा, चार्ल्स. जन्म १८३२ चा. तीच शिकवण, तोच रविवार, पण आई गेली तेव्हा हा जेमतेम सात वर्षांचा. १८४९ साली, सतरा वर्षांच्या चार्ल्सला एडिंबरोला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला पाठवण्यात आलं. भाऊ लंडनच्या संपादक-लेखकांत वावरत होते आणि हा चारशे मैलांवर नकाशे काढत बसला होता. ज्या आयरिश बाईंच्या घरी तो भाड्याने राहत होता त्यांच्या मुलीशी, मेरी फोलीशी, त्याने १८५५ साली लग्न केलं. सात मुलं जगली, त्यांत आर्थर १८५९ चा. फावल्या वेळात चार्ल्स पुस्तकांची चित्रं काढी, 'रॉबिन्सन क्रूसो'ची काढली, पण पैसा मागणं त्याला जमत नसे. दारू वाढत गेली. १८७६ साली, चव्वेचाळिसाव्या वर्षी, नोकरीतून त्याला घरी बसवलं. मेरीने भाडेकरू ठेवून संसार रेटला.

१८८१ च्या सुमारास त्याला दारुड्यांच्या उपचारासाठी एका खेड्यातल्या घरी ठेवलं. १८८५ साली तिथे त्याने दारू मिळवून दंगा केल्यावर माँट्रोजच्या मनोरुग्णालयात भरती केलं. स्कॉटलंडच्या कायद्याप्रमाणे दोन डॉक्टरांचे दाखले आणि शेरीफचा, म्हणजे तिथल्या न्यायाधीशाचा, हुकूम असला की माणसाला मनोरुग्णालयात ठेवता येई. चार्ल्सला अपस्माराचे झटके येत, स्मृती जात असे. त्या काळी अपस्मारावर ब्रोमाइडपलीकडे फारसं औषध नव्हतं आणि असे रोगी सर्रास वेड्यांबरोबर ठेवले जात. आज तो कदाचित तिथे नसता.

तिथे तो काढत राहिला. १८८९ सालच्या त्याच्या चित्रवहीत सुरुवातीलाच त्याने लिहून ठेवलंय, की हे सगळं वेड्याचं काम म्हणून पाहा आणि मग बुद्धीत उणीव नेमकी कुठे दिसते ते सांगा. वहीत खरी पानंफुलं अगदी निरखून काढली आहेत आणि त्यांच्या आडून इवल्या परी डोकावतात. रिचर्डच्या परी खेळकर, टारगट. चार्ल्सच्या परी शांत असतात, कधीकधी मृत्यूच्या शेजारी बसलेल्या. ही वही १९७८ साली पुस्तकरूपाने छापली गेली. चार्ल्स १८९३ च्या १० ऑक्टोबरला डम्फ्रीजच्या रुग्णालयात वारला.

आर्थरच्या नावातलं कॉनन हे आजीच्या माहेरचं. आजीचे भाऊ मायकेल कॉनन पॅरिसमध्ये पत्रकार होते आणि आर्थरचे धर्मपिता. १८७४ च्या नाताळात, पंधरा वर्षांच्या आर्थरला लंडनच्या काकांनी नाटकं दाखवली, शहर दाखवलं. पुढे तो डॉक्टर झाला तेव्हा काका आणि आत्या अ‍ॅनेट यांनी कॅथलिक मंडळींत ओळखी करून देऊ केल्या. आर्थरने नाकारल्या. माझी त्या धर्मावर श्रद्धा उरलेली नाही, तर त्याच्या नावावर रोगी कसे मिळवू, हा त्याचा मुद्दा. काका-आत्या दुखावले. खरं तर हा हट्ट त्याने रिचर्डकाकाकडूनच घेतला होता, असं म्हणायचा मोह होतो. एकाने श्रद्धेपायी पोटावर पाय दिला, दुसऱ्याने श्रद्धा नाही म्हणून.

वडिलांबद्दल आर्थर हयातभर जपून बोलला, पण कथांतून ते झिरपतात. १८९० च्या एका कथेत मुलगा आपल्या वेड्या बापाला लोकांच्या नजरेआड ठेवून सांभाळतो. 'द ग्रीक इंटरप्रिटर' ही कथा आली १८९३ मध्ये, वडील गेले त्याच शरदात. तिच्यात होम्स सांगतो की आपली आजी व्हर्ने या फ्रेंच चित्रकाराची बहीण होती, आणि कला रक्तात असली की ती कुठलंही विचित्र रूप घेऊ शकते. १९१७ च्या कथेत होम्स आयरिश-अमेरिकन हेराचं सोंग घेतो, तेव्हा नाव घेतो अल्टमाँट. चार्ल्सचं पूर्ण नाव चार्ल्स अल्टमाँट डॉयल. १९२४ साली आर्थरने वडिलांच्या चित्रांचं लंडनमध्ये प्रदर्शन भरवलं.

कॉटिंग्लीच्या परींचं प्रकरणही याच घराच्या पार्श्वभूमीवर पाहायला हवं. १९१७ साली यॉर्कशरमधल्या सोळा आणि नऊ वर्षांच्या दोन मुलींनी परींचे फोटो काढले. आर्थरने ते खरे मानले, १९२० साली त्यावर लेख लिहिला, १९२२ साली पुस्तक. लोक हसले. होम्सचा लेखक एवढा भोळा कसा, असं आजही विचारतात. परलोकविद्येवर त्याचा विश्वास होता हे कारण खरंच आहे, पण ज्याच्या काकाने आणि वडिलांनी जन्मभर परी काढल्या त्याला परी दिसण्यात फारसं अशक्य काही वाटलं नसेल. १९८३ साली म्हाताऱ्या झालेल्या त्या दोघींनी कबूल केलं, की त्या कागदी परी होत्या, 'प्रिन्सेस मेरीज गिफ्ट बुक' या १९१४ च्या पुस्तकातली चित्रं पाहून काढलेल्या. त्याच पुस्तकात आर्थर कॉनन डॉयलचीही एक कथा आहे.

डॉयलांची चित्रं आता इंटरनेटवर सहज सापडतात. 'इन फेअरीलँड' आधी पाहा, पण त्यावर थांबू नका. रिचर्डची वडिलांना लिहिलेली पत्रं आणि चार्ल्सची १८८९ ची वही शेजारी शेजारी उघडा, आणि दोघांच्या गर्दीतल्या बारक्या आकृत्यांचे चेहरे नीट बघा.